नागरवैनीची हळदीची कॅसेट

फोन आला तेव्हा मी भल्या सकाळी गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घालत होते. दोन्ही हात चिकानं भरलेले, म्हणून फोन मनगटानंच कसाबसा कानाशी धरला. "आत्या, आई गेली," नागरवैनीची लेक सुमन म्हणाली. आणि मी, माझ्या जिभेला काही हाड, विचारलं, "कोणाच्या लग्नाला?" लग्नसराईचे दिवस होते, आणि नागरवैनी लग्नसराईत घरी सापडली असं आजवर कधी झालंच नव्हतं. निलंग्यात कुठंही मांडव पडला की ही चपला सरकवून निघायची. बोलावणं असो नसो, मांडवाच्या मागच्या बाजूला, जिथं बायका लसूण सोलत बसतात तिथं जाऊन बसायची. पलीकडून सुमनचा हुंदका आला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हातावरचा चीक वाळून तडकला, ऊन गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरलं, तरी मी तिथंच बसून होते. कुरडया अर्ध्याच राहिल्या त्या दिवशी.

नांदेडहून निलंगा गाठेपर्यंत दुपार कलली होती. आमच्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. वैनीला भिंतीशी बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात शेवंतीचे हार, मान किंचित झुकलेली, जणू कोणी काही विचारलं तर लाजून उत्तर देईल. शेजारची एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "माय माय... हळदीला बसल्यागत दिसायली की गं." म्हातारीचं खरंच होतं. कारण मी नागरवैनीला आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती अगदी अशीच, चौरंगावर, मान खाली घालून. फक्त तेव्हा ती गात होती.

हो, स्वतःच्या हळदीत! मी तेव्हा परकरातली पोरगी. दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं लग्न आमच्याच दारात होतं, त्यामुळं नवरीची हळदही आमच्याच मांडवात. हळदीची गाणी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या ती झेलतात. पहिली ओळ काहीही असो, दुसरीत नवरीचं नाव यावंच लागतं. नाव आलं नाही तर हळद लागली असं कोणी मानत नाही. त्या दिवशी गाणं सांगायला बसलेली आमची चुलती सुरात मुळीच नव्हती, ओळीही विसरत होती. बायका पदराआड हसत होत्या. तेवढ्यात चौरंगावरून आवाज आला... इतका मोकळा, इतका स्वच्छ, की मांडवाबाहेर बसलेल्या गड्यांच्या चिलमी हातातच राहिल्या. "हळकुंड फोडिलं, घर पिवळं झालं सारं..." आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाच नवरी थांबली. स्वतःच्या हळदीत स्वतःचं नाव कसं घ्यायचं? तिनं नुसती बोटं गुडघ्यावर आपटली, तेवढी जागा मोकळी सोडली. बायका सगळ्या एकदम ओरडल्या, "नागरऽऽ" आणि तिनं हसून पुढचं उचललं, "बाईच्या अंगणी उतरलं गं वारं!" आमची आव्वा, म्हणजे माझी आई, कपाळावर हात मारून म्हणाली, "काय सून आणली बाई! सोताची हळद सोताच गाती. उद्या सोताचं बारसं बी गाईल." पण हे म्हणताना तिचा पायही ताल धरून होता, मी पाहिलं होतं.

त्यानंतर आमच्या भावकीत, आणि बघता बघता सगळ्या निलंग्यात, नागरवैनीशिवाय हळद लागेनाशी झाली. आव्वा तोंडानं कुरकुर करायची, "घरात भाकरी कोण थापणार?" पण वैनी ओळ म्हणायला लागली की झेलणाऱ्या बायकांत सगळ्यात मोठा गळा आव्वाचाच. सुनेचं नाव झालं की सासूची मान ताठ होते, पण ते कबूल कोण करतं! मी शाळेतून आले की वैनीच्या मागं मागं. मी एवढीशी, तरी ती मला "शकूअक्का, तुमी" म्हणायची आणि मी तिला सरळ "वैनी, तू". नणंदपणाचा रुबाब होता माझा. ती आमच्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत तूर निवडता निवडता नव्या ओळी जुळवायची आणि मी समोर उलटी परात घेऊन अंगठीनं ताल धरायची. माझा गळा म्हणजे फुटकं मडकं. पण ताल मात्र वैनीला माझाच लागायचा. दुपारची वेळ, बाहेर दादा गिऱ्हाइकाला गूळ तोडून देतोय, आत वैनी डोळे मिटून एकेक शब्द चाखून बघतेय... अजूनही कधी डुलकी लागली की मी त्याच खोलीत जागी होते.

मग लातूर जिल्हा झाला. दादा मित्रांबरोबर मिरवणूक बघायला लातूरला गेला, गुलालानं माखून, पेढ्याचा पुडा घेऊन परत आला. दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' त्यानं स्वतःच्या हातानं खरवडलं आणि 'जि. लातूर' रंगवलं. तो रंग पुरता जुना व्हायच्या आत दादा काविळीनं गेला. वैनी पुढं कधीतरी म्हणाली होती, "जिल्हा आला अन् माझं कुंकू गेलं, एकाच साली. कोणाला सांगावं, कशाचे पेढे खाल्ले?"

आमच्या शरणांनी, म्हणजे जुन्या लिंगायत संतांनी, सुतक-विटाळ कधीचा मोडीत काढला, असं आमचे स्वामी प्रवचनात सांगतात. सगळे माना डोलावतात. पण मांडवात शरणांचं कोण ऐकतं! दादा गेल्यावर भावकीतलं पहिलं लग्न आलं. वैनी सवयीनं उठून नवरीच्या चौरंगाजवळ आपल्या जागी बसायला गेली. आव्वानं तिचा दंड धरला. ओरडली नाही, रागावली नाही, इतकंच म्हणाली, "नागर... आता तू मागं बस." आव्वाचा स्वतःचा लेक गेला होता. पण म्हणाली ती म्हणालीच. वैनी मागं गेली, लसणाची पाटी पुढ्यात ओढली आणि सोलत बसली. त्या दिवसापासून तिचं मांडवातलं गाणं बंद झालं. दुकान ती सांभाळायला लागली, तेही झकास. पण तूर निवडताना ओठ हलेनासे झाले. मला आव्वाचा असा राग आला होता की मी वर्षभर माहेरी धड बोलले नाही.

तोवर माझं लग्न होऊन मी नांदेडला आले होते. आमचे हे विष्णुपुरीच्या धरणावर कामाला होते. तिकडं गोदावरीचं पाणी अडवायचं काम चाललेलं, आणि इकडं निलंग्याला प्यायला पाणी नाही. ते दुष्काळाचं साल. जिल्हा नवा, कचेरी नवी, साहेब नवे, पाणी मात्र नाहीच. टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची. त्याच उन्हाळ्यात सुमनचं, वैनीच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी भेटायला गेले तर वैनी दुकानात गल्ल्यावर बसलेली, तोंड उतरलेलं. मला वाटलं, खर्चाची काळजी. पण ती म्हणाली, "शकूअक्का, पाण्याचं हुईल. पावणे म्हणलेत, ज्यानं त्यानं आपली घागर घिऊन यावं. पण माझ्या सुमीला हळद लागंल, अन् म्या मागं लसूण सोलीत बसंल... एवढ्या दुनियेच्या लेकींना गाऊन हळद लावली म्या. एक सोताची लेक ऱ्हायली." एवढं बोलून ती गिऱ्हाइकाला साबण द्यायला उठली.

मी नांदेडला परतले ती तणतणतच. आणि त्याच आठवड्यात आमच्या क्वार्टरमध्ये कोणाच्या तरी घरी भजनाची कॅसेट लागली होती. गाणारा म्हणे गावातलाच, आणि कॅसेट भरली म्हणे इथंच, नांदेडात, मकबूलभाईंच्या खोलीत. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. बाईला मांडवात बसू देत नाहीत ना? मग नका बसू देऊ. कॅसेट बसेल! आवाजाच्या कपाळाकडं कोण बघतंय? लगेच वैनीला बोलावून घेतलं. कारण काही सांगितलं नाही, नुसतं, "माझी तब्येत बरी न्हाई, ये." ती बिचारी घाबरी होऊन आली, येताना माझ्यासाठी पेजेचे तांदूळ घेऊन.

मकबूलभाईंची खोली एका गल्लीत, पहिल्या माळ्यावर. भिंतींना गोधड्या लटकवलेल्या, खिडकीला रजई, मधोमध एक माइक आणि कोपऱ्यात यंत्र. कव्वाल्या, भजनं, पोवाडे, जो येईल त्याचं ते भरून द्यायचे. उन्हाळा असा की गोधड्यांनासुद्धा घाम फुटावा. "अम्मा, पंखा बंद करना पडता जी, मशीन में हवा घुस जाती," ते अजिजीनं म्हणाले. वैनीनं डोक्यावरचा पदर आणखी घट्ट केला आणि माइककडं असं बघितलं, जणू तो तिला बघायला आलेला पाहुणा आहे. ढोलकीवाला बोलवू का, पेटी लावू का, मकबूलभाई विचारत होते. मी पिशवीतनं घरची परात काढली. वैनी पहिल्यांदा हसली.

ती गायला लागली आणि त्या कोंदट खोलीत मला आमची मागची खोली दिसायला लागली... तुरीचा वास, दादाचा गूळ तोडायचा आवाज. इतके दिवस मिटून ठेवलेला गळा, पण कुठं धूळ बसलेली नाही. "हळकुंड फोडिलं, घर पिवळं झालं सारं..." मी अंगठीनं ताल देतेय. आणि नावाच्या जागेवर वैनी थांबली. माझी अंगठी एकटीच परातीवर वाजत राहिली, टण... टण... आणि मग वैनीनं पुढचं उचललं, "बाईच्या अंगणी उतरलं गं वारं." मकबूलभाईंनी यंत्र थांबवलं. "अम्मा, एक लफ्ज छूट गया जी. दुल्हन का नाम." पुन्हा केलं. पुन्हा तीच जागा रिकामी. तिसऱ्यांदाही तेच झालं तशी मी भडकलेच. "वैनी, अगं सुमनसाठीच करायलो ना आपण हे सगळं? मग घे की सुमनचं नाव! तुझ्या लेकीचं नाव घ्यायला तुला कोणाची परवानगी पाहिजे? आव्वा हितं हाय का?"

वैनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "आव्वाचं काय न्हाई, अक्का. मलाच भ्या वाटतं. हळदीत नाव घ्यायचं म्हंजी आशीर्वाद असतो. माझ्या तोंडचा आशीर्वाद... माझंच काय झालं ते बगितलं न्हव तुमी. तेच तिच्या वाटंला गेलं तर? न्हाई. माझ्या तोंडून सुमीचं नाव नको." मी परात खाली ठेवली. आम्ही सगळे आव्वाला बोल लावत होतो. पण आव्वानं धरलेला तो दंड वैनीनं स्वतःच अजून सोडवून घेतला नव्हता. मकबूलभाईंना सगळं कळलं असावं. चष्मा पुसत म्हणाले, "हमारी अम्मी बी दुल्हन के कमरे के बाहरीच बैठती थी." मग यंत्राशी वळले. "खाली छोडो अम्मा. जिसकी शादी, उसका नाम. लोगां भर लेंगे." आणि तशी ती कॅसेट झाली. दोन्ही बाजू भरून गाणी, आणि प्रत्येक कडव्यात एक मोकळी जागा, तिच्यात फक्त माझी परात. वेष्टनावर वैनीनं फोटो टाकू दिला नाही. कलशाचं चित्र होतं, आणि खाली 'नागरबाई, निलंगा, जि. लातूर'. त्या 'जि. लातूर'वरून मात्र तिनं अंगठा फिरवला.

सुमनच्या हळदीला पाहुण्यांनी खरोखरच घागरी आणल्या. कोणी डोक्यावर, कोणी बैलगाडीत, कोणी एस.टी.च्या टपावर बांधून. आहेराची भांडी राहिली बाजूला, पाण्याचाच आहेर मांडवात रांगेनं मांडलेला. मी भोंगेवाल्याच्या हातात कॅसेट दिली आणि देवाचं नाव घेतलं. आव्वा सुमनच्या पायाशी बसून हळद लावत होती. आवाज सुरू झाला... मांडवातल्या सगळ्या माना एकदम मागं वळल्या, वैनी कुठून गातेय ते बघायला. वैनी तर मागच्या चुलीपाशी पुऱ्या लाटत होती. मग माना वर, भोंग्याकडं. आव्वाचा हात सुमनच्या घोट्यावर थांबला. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि खोटं कशाला सांगू, माझी गाळण उडाली. आता ही उठणार, आता बंद करायला लावणार. पहिली मोकळी जागा आली आणि तशीच निघून गेली. दुसरं कडवं आलं, "कोरड्या गं नदीला कोण घालीतं पाणी..." टण, टण, माझी परात. आणि आव्वा, मान वर न करता, हळद लावता लावता, एखाद्या झोपेतल्या माणसासारखी म्हणून गेली, "सुमनऽऽ" भोंग्यातनं वैनी म्हणाली, "बाईच्या हळदीला भिजली गं धरणी." जित्याची खोड! इतकी वर्षं सुनेच्या ओळी झेललेल्या आव्वाला मोकळी जागा सोसवलीच नाही. पुढच्या कडव्याला सगळा मांडव "सुमन" म्हणाला. मी पळत मागं गेले. वैनी पुरी लाटत होती, लाटतच होती, पुरी परातीएवढी झाली तरी थांबेना. गाल ओले. मला बघून म्हणाली, "आव्वाचा सूर जरा वर लागला, न्हाई का?"

पुढच्या लग्नसराईत ती कॅसेट कुठं नव्हती असं नाही. लोक म्हणायचे, काय डोकं चालवलंय बाईनं, कोणत्याही नवरीला चालते! खरं कारण मलाच ठाऊक. एकदा वैनी माझ्याबरोबर एस.टी.नं नांदेडला येत होती. भर उन्हाची वेळ, गाडीतली माणसं पेंगत होती, बाहेर नांगरून पडलेली करडी रानं आणि मधूनच एखादी वावटळ... आणि चाकूरच्या पुढं कुठल्याशा गावातून वैनीचा आवाज आला. अर्धी ओळ ऐकू येते तोवर गाडी पुढं निघून गेली. अहमदपूरजवळ दुसऱ्या मांडवात तीच ओळ पुढं चाललेली. जणू ती गाडीबरोबरच रानातनं चालत येत होती. मोकळ्या जागेत एका गावानं म्हटलं मीना, दुसऱ्यानं छबू, आणि कंधार फाट्याजवळ तर, देवाशपथ, शबाना! वैनी खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून ऐकत होती. नाव आलं की पुटपुटायची, "हां... हिचं बी झालं." मी पेंगत, जागी होत, पुन्हा पेंगत तो प्रवास केला. आज तो खरंच झाला होता की मला स्वप्न पडलं होतं, असं वाटतं. मकबूलभाईंनी दुसऱ्या कॅसेटसाठी कितीदा निरोप धाडले. वैनी म्हणायची, "एक केली की. सगळ्यांचं नाव बसतंय तिच्यात, आणिक कशाला?" पहिली आणि शेवटची, ती एकच.

आव्वा गेली, मकबूलभाई गेले, भोंगे जाऊन डीजे आले. सुमनचा संसार लातुरात सुखाचा झाला, तिचे यजमान धडधाकट आहेत, वैनीची भीती खोटी ठरली. तरी वैनी मांडवात मागंच बसत राहिली. गेल्या उन्हाळ्यात सुमनच्या लेकीची, सोनालीची हळद होती. लातूरचं मंगल कार्यालय, सगळ्या पोरी पिवळ्या कपड्यांत, फोटोवाले इकडून तिकडं. वैनी आल्या आल्या सवयीनं स्वयंपाकघर कुठं आहे ते विचारायला लागली. सुमननं तिचा दंड धरला. आव्वानं धरला होता तसाच, तिथंच. म्हणाली, "आई, आता तू म्होरं बस." आणि नवरीच्या चौरंगाजवळ नेऊन बसवली. वैनी खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसली होती, कोणीतरी उठवेल म्हणून. डीजेवाल्या पोराकडं सुमननं जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं गाणं दिलेलं होतं. त्या मोठ्या पेट्यांतून वैनीचा तरुण आवाज आला, आणि म्हातारी वैनी दचकून इकडंतिकडं बघायला लागली, ही कोण गातेय म्हणून! मग ओळख पटली तशी शांत झाली. डोळे मिटले. मोकळी जागा आली. सगळे "सोनाली" म्हणायला तोंड उघडतात न उघडतात तोच वैनी म्हणाली. बारीक, थरथरता, पण अगदी सुरात...

"सुमनऽऽ"

मांडवभर हशा पिकला. "आज्जी, नवरी सोनाली हाय!" "अवो आज्जी, सुमनचं लगीन कवाच झालं!" म्हातारपणी होतं असं, कोणीतरी म्हणालं. वैनीही हसली, जीभ चावली. पण मी तिच्या शेजारीच होते, ती काही चुकली नव्हती. लेकीचा संसार डोळ्यांनी नीट बघून, खात्री करून, मग तिनं ते नाव घेतलं होतं. सुमन तिथं थांबलीच नाही, हळदीची वाटी माझ्या हातात कोंबून आत पळाली. मी मागोमाग गेले तर पाण्याच्या पिंपाशी उभी राहून हमसाहमशी रडत होती. इतक्या वर्षांची बाई, लेकीची आई, आणि लहान पोरीसारखी म्हणत होती, "आत्या, आईनं माझं नाव घेतलं..." वैनीची आणि माझी तीच शेवटची भेट.

आता वैनीला जाऊन महिना होऊन गेला. परवा दुपारी सुमनचा निलंग्याहून फोन आला. आईची खोली आवरायला गेली होती. वैनीचा जुना टेपरेकॉर्डर कपाटात झालर लावून ठेवलेला, आत ती कॅसेट. "आत्या, लावून बघू का? तुटंल का?" म्हटलं, "तुटली तर तुटली, लाव." फोन तिनं टेपजवळ ठेवला. आधी नुसती खरखर. मग माझी परात... मी उठले आणि मांडणीवरची तीच परात खाली काढली, मांडीवर उलटी घेतली. अंगठी आता बोटातून निघत नाही, बोटं सुजतात, पण ताल येतो अजून. इकडं मी आणि तिकडं मी, मधे वैनी. "हळकुंड फोडिलं, घर पिवळं झालं सारं..." सुमननं एकदम टेप थांबवला. म्हणाली, "आत्या, एक विचारू? त्या जागी आईचं नाव घेतलं तर... चालंल का?" तिचा आवाज अगदी तसाच झाला होता, मकबूलभाईंच्या खोलीत तिच्या आईचा झाला होता तसा. मला रडू फुटलं, आणि रागही आला, कोणावर कोण जाणे. म्हटलं, "न चालायला काय झालं गं? तिच्या हळदीत अख्ख्या मांडवानं घेतलं हुतं. मी हुते तिथं. घे."

तिनं फीत मागं घेतली. पुन्हा खरखर, पुन्हा पहिली ओळ. मग ती मोकळी जागा आली. टण... टण... मी इकडून ताल सोडला नाही. सुमनला गळा नाही, माझ्यासारखीच ती. तरी जमेल तितक्या सुरात ती म्हणाली, "नागरऽऽ"

आणि पुढची ओळ वैनीनंच म्हटली.